तिसऱ्या मेल्या नाहीत, म्हणून त्या खायच्या का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीला लागून. मालक मुंबईला नोकरीला. हापूसची दोनशे कलमं मोठे दीर बघतात. मी आणि वाडीतल्या चार-पाच जणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिसऱ्या, मुळे असल्या शिंपल्या काढतो, दगडावरची कालवं फोडतो आणि बाजारात नेऊन विकतो. मुलीच्या कॉलेजचा खर्च त्यातूनच निघतो. यंदा बोंगे फुटले तेव्हा बागेत दुसरी फवारणी झाली. संध्याकाळी गड्याने पिंप आणि पंप साकवाखाली पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, धुतले. दुसऱ्या दिवशी सुकतीला गेले, तर साकवाखालच्या डोहात, म्हणजे कोंडीत, करंदी (बारीक कोळंबी) पांढरी पडून तळाला बसलेली. चिंबोरीची पिल्लं उताणी पडून नुसते पाय हलवत होती. बोयची बारीक पिल्लंही मेलेली. तिसऱ्या मात्र जिवंत, हात लागला की मिटत होत्या. जाऊबाई म्हणतात, तिसऱ्या जगल्या म्हणजे पाणी चांगलं आहे, करंदी थंडीने मेली असेल. त्याच दिवशी मी कोंडीच्या तोंडाशी काढलेल्या तिसऱ्यांचं दोन किलो मास फ्रीजमध्ये आहे. थोडं आम्ही खाल्लंसुद्धा. पुतणसून सहा महिन्यांची गरोदर आहे. बाटलीवर ‘लॅम्बडा’ असं काहीतरी होतं आणि पिवळा त्रिकोण होता. आता ते मास खावं का, विकावं का? आणि भावोजींना कसं सांगावं? घर तेच चालवतात, आणि बागेच्या कामात बायकांनी बोललेलं त्यांना खपत नाही.
— खाडीकाठची एक वाचक

उत्तर :

ताई, आधी घरातली काळजी मिटवू, बाकीचं मग.

जे पोटात गेलं ते गेलं. तुमचं पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर बरेच दिवस उलटले आहेत आणि कुणाला त्रास झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ‘लॅम्बडा’ म्हणजे लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध. माणसाचं यकृत या गटातली औषधं बऱ्यापैकी लवकर फोडून लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि एका जेवणातल्या तिसऱ्यांतून जाऊन जाऊन जाणार ते किती! पुतणसुनेला घेऊन धावपळ करायचं कारण दिसत नाही. पुढच्या तपासणीला गेली की डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढं पुरे. पण यापुढे त्या कोंडीतलं काही तिच्या ताटात येता कामा नये, लहान मुलांच्याही नाही.

खरी काळजी मला तुमच्या गड्याची वाटते. उघड्या हातांनी पंप धुणारा, तोंडाला फडकंसुद्धा न बांधणारा तो माणूस त्या औषधाच्या सगळ्यांत जवळ असतो. चेहऱ्याला मुंग्या येणं, त्वचा चुरचुरणं, मळमळ, डोकं जड होणं असं काही तो सांगत असेल तर ते अंगावर काढू देऊ नका. दवाखान्यात नेताना बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्या. कुठलं औषध होतं हे कळलं की डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं, कारण पायरेथ्रॉइड आणि क्लोरपायरीफॉससारखी फॉस्फरसवाली औषधं यांच्यावरचे उपचार वेगळे असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. ते कापसाचं रान होतं, आपली आंब्याची बाग आहे, पण उघडा हात सगळीकडे सारखाच.

आता जाऊबाईंचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात एक तर्क आहे आणि तो सगळ्या खाडीकाठाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला आहे: जे जिवंत आहे ते चांगलं, जे मेलंय ते टाकून द्यायचं. तिसरी उकळल्यावर उघडली नाही तर आपण ती फेकतो, ते याच हिशेबाने, आणि ते बरोबरच आहे. पण कीटकनाशकाच्या बाबतीत हा हिशेब साफ उलटा पडतो.

ज्याच्यासाठी बागेत हे औषध मारतात तो मोहरावरचा किडा, तुडतुडा, आणि करंदी ही लांबची भावंडं आहेत. दोघांचं अंग बाहेरून कवचाचं, दोघांचे पाय सांध्यासांध्यांचे, आणि दोघांच्या नसाही साधारण एकाच घडणीच्या. नसेतून निरोप पुढे जातो तो बारीक दारांतून सोडियम आत येऊन. निरोप गेला की दार मिटतं. पायरेथ्रॉइड हे दार मिटूच देत नाही. नस पुन्हापुन्हा निरोप धाडत राहते, अंगाला झटके येतात, मग जीव लुळा पडतो. चिंबोरीची पिल्लं उताणी पडून पाय हलवत होती असं तुम्ही लिहिलंत ना, ते वाचूनच माझ्या मनातली निम्मी शंका मिटली. मोहरावरचा तुडतुडा औषध लागल्यावर जे करतो, तेच त्या चिंबोऱ्या करत होत्या. औषधाच्या लेखी दोघं एकच.

बोयच्या पिल्लांचं थोडं वेगळं. मासा कल्ल्यांतून सतत पाणी खेळवतो आणि हे औषध पाण्यापेक्षा चरबीत जास्त रमतं, त्यामुळे कल्ल्यांतून ते झटकन अंगात शिरतं. माणूस, गाय, कुत्रा ते जितक्या लवकर फोडून टाकतात तितक्या लवकर माशाचं यकृत फोडू शकत नाही. म्हणून जे औषध गोठ्यात गोचिडांवर निर्धास्त वापरतात, त्याच गटातलं औषध पऱ्यात पडलं की पिल्लं पटापट जातात.

आणि तिसऱ्या? तिसरीला नकोसं पाणी आलं की ती शिंपा मिटून घेते आणि तास न्‌ तास तशीच बसू शकते. शिवाय या औषधाने तिचा जीव करंदीइतक्या सहज जात नाही. पण कधीतरी तिला उघडावंच लागतं, आणि उघडली की ती पाणी गाळू लागते. तेच तिचं जेवण. तिसरीसारखंच पाणी गाळणारं एक मोठं कालव चांगल्या हवामानात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी गाळू शकतं. त्या पाण्यातला चिखलाचा कण, कणाला चिकटलेलं औषध, सगळं तिच्या अंगातून जातं आणि चरबीत रमणारं जे असतं ते काही काळ तिथेच मुक्काम करतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या गल्फ ब्रीझ इथल्या सरकारी प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात कालवं डीडीटीच्या अगदी पुसट पाण्यात ठेवून पाहिली होती. कालवं जिवंत राहिली आणि त्यांच्या अंगात पाण्याच्या हजारो पट डीडीटी साठलं. पुढे तिथे किनाऱ्यावरच्या पाण्यात काय काय उतरतंय हे कळावं म्हणून कालवंच तपासू लागले. पाण्याच्या बाटलीत पकडायचं राहून गेलेलं कालवाच्या मासात सापडतं.

तर ताई, मेलेली करंदी सांगते की काल विष आलं होतं. जिवंत तिसरी त्याबद्दल काहीच सांगत नाही, ती फक्त ते ठेवून घेते.

कालवांची आणखी एक गोष्ट सांगते, तुम्ही रोज फोडता म्हणून. औषधाची परीक्षा घ्यायची एक जुनी पद्धत अशी की कालवाच्या शिंपल्याची वाढती कड घासून काढायची, त्याला औषधाच्या पाण्यात ठेवायचं आणि चार दिवसांत कड किती भरून आली ते मोजायचं. कालव मरत नाही, पण शिंपला वाढवायचं थांबवतं. म्हणजे अंगाला बरं नाही. तुमच्या दगडांवर पूर्वी हंगामात कालवं केवढी भरायची आणि आता केवढी भरतात, हे मला कुठल्याही अहवालात मिळणार नाही. ते वाडीतल्या सत्तरीच्या आजीलाच ठाऊक.

“पिंपाच्या तळाला राहिलेलं ते पाणी, त्याने काय होतंय एवढ्या मोठ्या खाडीला?” असं भावोजी म्हणणार. म्हणून हिशेब करून ठेवू. या औषधाची पाच टक्क्यांची बाटली येते आणि तुडतुड्यासाठी ते दहा लिटरला सहा मिली घालतात. म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपात १२० मिली, त्यात शुद्ध औषध सहा ग्रॅम. फवारून झाल्यावर तळाला पाच लिटर द्रावण उरलं असं धरा. त्यात औषध आलं १५० मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. आता साकवाखालची कोंड. सुकतीला ती दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर खोल धरू. पाणी झालं पन्नास हजार लिटर. ते दीडशे मिलिग्रॅम त्यात पसरलं की लिटरमागे तीन मायक्रोग्रॅम होतात. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. कोळंबीच्या जातभाईंना मारायला या औषधाचा लिटरमागे एक मायक्रोग्रॅमही लागत नाही, कित्येक जातींना त्याच्याही खूप खालचं प्रमाण पुरतं. काही औषध लगेच चिखलाला चिकटेल, सगळंच्या सगळं पाण्यात राहणार नाही, हे खरं. तरी पाच लिटरांत कोंडीचा खेळ आटोपतो. शिवाय आपल्याकडे फवारणीचे दिवस म्हणजे पौष-माघाचे, पऱ्याला धार करंगळीएवढी. पावसाळ्यात जे वाहून पातळ झालं असतं ते भरती येईपर्यंत कोंडीत तसंच उभं राहतं.

आणि तो पिवळा त्रिकोण. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग ठरतो तो उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून, माणसाच्या अंदाजासाठी. मासा, करंदी, मधमाशी यांचा त्या रंगाशी काही संबंध नाही. निळा किंवा हिरवा त्रिकोण दिसला म्हणून ‘हे सौम्य आहे, पऱ्यात गेलं तरी चालेल’ असं समजणारे चांगले शिकलेले बागायतदार मी पाहिले आहेत. माशांसाठीची सूचना बाटलीसोबतच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात असते, आणि तो कागद खोक्याबरोबर चुलीत जातो. तुम्ही तो वाचायला मागा. चष्मा लावून मोठ्याने वाचा, सगळ्यांसमोर.

आता भावोजींच्या बाजूनेही थोडं बोलते, नाहीतर तुम्ही घरात जाऊन भांडण कराल आणि तिथे हराल.

खाडीत मासे मेले की दर वेळी औषधच कारणीभूत असतं असं नाही. रात्रभर गरम, साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला तरी पहाटे मासे मरतात. नारळाची सोडणं कुजत घातली असतील तिथे तर हमखास. पण तेव्हा आधी मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेताना दिसतात, चिंबोऱ्या काठावर चढून बसतात, आणि ऊन पडल्यावर उरलेले सावरतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या लोंढ्यात एकदम गोडं पाणी आलं की तिसऱ्याही मरतात, ती जुनीच गोष्ट. आणि वाईट वाटतं सांगायला, पण काही जण पऱ्यात मुद्दाम औषध किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात. तसं तुमच्याकडे कुणी करत नाही ना, तेही एकदा बघा. असे स्वस्तात आलेले मासे कधी घेऊ नका. थंडीचं म्हणाल, तर कोकणातल्या थंडीने करंदी मेलेली मी अजून ऐकली नाही. आदल्या संध्याकाळी पिंप धुतलं, सकाळी नेमके कवचवाले आणि बारीक पिल्लं मेली, चिंबोऱ्या झटके देत होत्या, आणि हे सगळं साकवाखालीच झालं. प्रयोगशाळेचा कागद हातात नाही, तरी माझं बोट त्या पिंपाकडेच जातं.

हे औषध पाण्यातून लवकर नाहीसं होतं, दिवसांच्या हिशेबात. चिखलात मात्र ते आठवडे टिकतं, कधी महिनेही. तिसरी आणि मुळा चिखलातच राहतात. पण जुन्या क्लोरीनवाल्या औषधांपुढे हे काहीच नाही, तेवढाच दिलासा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेल गावात केपोन नावाचं कीटकनाशक बनत असे, त्याची घाण जेम्स नदीत जायची. १९७५ च्या डिसेंबरात नदीतली मासेमारी बंद केली, आणि निर्बंध पूर्णपणे उठायला १९८८ साल उजाडलं. कारखाना तर आधीच बंद झाला होता. केपोन चिखलात बसलं होतं, वर नवा गाळ बसेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याकडे डीडीटी शेतीतून १९८९ साली गेलं, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. एंडोसल्फान माशांचा काळ होतं, आणि आंब्याच्या बागांतही चालायचं. आजची औषधं चिखलात इतकी वर्षं काढत नाहीत. म्हणूनच तुमच्या कोंडीचं अजून काही कायमचं बिघडलेलं नाही. धुणं थांबलं तर ती सावरेल.

हे मी आशेवर बोलत नाही. अमेरिकेतच दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर खाड्यांना लागून टोमॅटोची मोठी शेती होती. १९८० च्या दशकात पाऊस पडला की शेतातलं औषध खाडीत यायचं आणि मासे मरायचे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खाडीत जाळीच्या पिंजऱ्यांत जिवंत करंदी ठेवली आणि पावसानंतर किती जगतात ते मोजलं. मग शेतकऱ्यांनी वाहून जाणारं पाणी अडवायला तळी केली, काठाला गवताचे पट्टे सोडले, कीड मोजून मगच फवारायला सुरुवात केली, आणि पिंजऱ्यातली करंदी जगू लागली. शेती बंद पडली नाही. भावोजींना हेच सांगायचंय.

पिंजऱ्याची युक्ती तुम्हीही करू शकता, अगदी घरगुती. कोळंबीच्या जाळीचे दोन डबे करा, पाणी खेळतं राहील असे. दोन्हींत वीस-वीस जिवंत करंदी सोडा. एक डबा साकवाखाली बांधा, दुसरा धुण्याच्या जागेच्या बराच वर, त्याच पाण्यात. पाण्याचा खारेपणा दोन्हीकडे सारखा हवा, नाहीतर करंदी गोड्या पाण्यानेच मरेल आणि तुमचं म्हणणं खोटं ठरेल. हे फवारणी नसलेल्या आठवड्यात एकदा करा आणि फवारणीच्या आठवड्यात एकदा. चार दिवस रोज मोजून वहीत लिहा. न्यायालयात याला पुरावा म्हणणार नाहीत. घरात म्हणतील.

भावोजींशी बोलताना ‘औषध मारू नका’ असं सुरुवातीला चुकूनही म्हणू नका. मोहर वाचवायला त्यांचा वर्षाचा जीव टांगलेला असतो आणि बाई आपला आंबा घालवायला निघाली असंच त्यांना वाटेल. फक्त धुण्याच्या जागेचं बोला. झाडावरून वाऱ्याने किंवा पावसाने जे खाडीत येतं ते थांबवणं कठीण आहे, वेळ लागेल. पिंप कुठे धुवायचं हे मात्र उद्या सकाळी बदलता येतं. युरोपात नद्यांचा अभ्यास झाला तेव्हाही पाण्यात सापडलेल्या औषधाचा मोठा वाटा फवारणीतून आलेला नव्हता, तो पंप भरण्याच्या आणि धुण्याच्या जागेवरून आलेला होता. म्हणजे चूक तुमच्या गड्याची एकट्याची नाही, ती जगभरची आहे. हे वाक्य घरात नक्की वापरा, भावोजींचा मान राहतो.

जागेचं असं करायचं. बाटली रिकामी झाली की तीनदा खंगाळायची आणि ते पाणी पिंपातच ओतायचं. औषध फुकट जात नाही, हे त्यांना आवडेल. तळाचं उरलेलं द्रावण आणखी पाण्याने पातळ करून बागेतल्याच झाडांवर मारून संपवायचं. पंप आणि पिंप धुवायला बागेत, विहिरीपासून आणि पऱ्यापासून लांब, खोल मातीची जागा निवडायची. कातळावर अजिबात नको, जांभ्याच्या भेगांतून ते पाणी कुठे निघेल याचा नेम नाही, कदाचित तुमच्याच विहिरीत. तिथे एक खड्डा घ्या, पेंढा, शेणखत आणि माती कालवून भरा, वर गवत उगवू द्या, पावसाळ्यात पत्रा टाका. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात अशा खड्ड्यांची सुरुवात झाली, तिकडे त्यांना बायोबेड म्हणतात. पेंढ्यावर वाढणारी बुरशी आणि मातीतले जीवाणू औषध तिथेच फोडून टाकतात. पेंढा तुमच्याकडे आहेच. आणि एक बारीक गोष्ट: एचटीपी पंपाची पाणी ओढणारी नळी थेट पऱ्यात टाकून पिंप भरत असाल तर ते बंद करा. कधी पंप उलटा मारला तर औषध नळीतूनच पऱ्यात जातं, धुवायची वेळही यावी लागत नाही.

आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा, पण भावोजी ऐकायच्या मनःस्थितीत असतील तेव्हाच काढा. पायरेथ्रॉइड वारंवार मारलं की तुडतुडा मरतो, पण कोळी आणि फुलकिडे खाणारे मित्रकीटकही मरतात, आणि मग फुलकिड्यांचा जोर वाढतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आंब्याच्या फवारणीचं वेळापत्रक आहे, त्यात एकच औषध पुन्हापुन्हा मारायला सांगितलेलं नाही. दुकानदार देईल ते मिश्रण आणि शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही, यात पैसा जातो तो भावोजींचाच. त्यांचा आंबा परदेशी जात असेल तर मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबाबागांच्या सरकारी नोंदणीत, बागेची नोंद असेल, फळात औषधाचा अंश किती याची चाचणी होत असेल. परक्या माणसाने खायच्या आंब्याची चाचणी होते, घरच्यांनी खायच्या तिसरीची होत नाही, एवढं एकच वाक्य बोलून उठून जा.

बोलायचं कुणी? तुम्ही एकटीने नको. सासूबाई असतील तर त्यांना पुढे करा, नाहीतर पुतण्याला. त्याची बायको गरोदर आहे, तो ऐकेल. आणि जमलं तर घरात बोलूच नका, एखाद्या सुकतीला भावोजींना साकवावर घेऊन जा. तुमचे दीर खाडीकाठचेच, लहानपणी याच कोंडीत हाताने करंदी पकडलेले असणार. गड्याला मात्र बोल लावू नका. तो जिथे पाणी दिसलं तिथे धुतो, त्याला दुसरी जागा कुणी दाखवलीच नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या पत्रात बाग म्हणजे ‘घर चालतं’ आणि तिसऱ्या म्हणजे ‘खर्च निघतो’, असा सूर आहे. मुलीचं कॉलेज खाडीवर चाललंय, तर खाडीही घर चालवते. बोलायला उभ्या राहाल तेव्हा हे मनात असू द्या.

विक्रीचं. त्या कोंडीच्या तोंडाशी आणि पऱ्याच्या खालच्या पट्ट्यात फवारणीचा हंगाम संपेपर्यंत काही काढू नका, आणि धुणं थांबलं नसेल तर त्यानंतरही नको. खाडीच्या मुखाकडे, जिथे दिवसातून दोनदा भरतीचं पाणी सगळं बदलून जातं, तिथली काढायला हरकत नाही. ‘रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की साफ होतात’ हे वाळूपुरतं खरं आहे. मासात गेलेलं औषध एका रात्रीत उतरत नाही, स्वच्छ वाहत्या पाण्यातही त्याला दिवस-आठवडे लागतात, आणि उकळून, तळून ते जाईल याची खात्री नाही. तिथली चिंबोरी कुणी आणलीच तर आतलं पिवळं-केशरी, ज्याच्यासाठी आपण चिंबोरी खातो, तेच आधी टाकावं लागेल, कारण चरबी तिथेच असते. मग ती चिंबोरी खायची तरी कशाला! वाडीतल्या बाकीच्या जणींनाही आताच सांगा. एकीने सोडलेली जागा दुसरीने खणली तर बाजारात नाव सगळ्यांचं जाईल.

पुन्हा असं झालं तर, म्हणजे होऊ नये, पण झालं तर, आधी फोटो काढा आणि वेळ, भरती-सुकती, आदल्या दिवशी कोणत्या बागेत फवारणी होती ते लिहून ठेवा. काचेची स्वच्छ बाटली काठोकाठ भरून पाणी घ्या, काळ्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवा. मरू घातलेली किंवा नुकतीच मेलेली करंदी आणि मासे अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. प्लास्टिकच्या पिशवीत थेट नको, कुजलेले तर मुळीच नकोत. त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पाण्यात विषारी काही सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने बंदी आहे. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन विचारा, नमुना कुठे आणि कसा पाठवायचा ते तिथली मंडळी समजावतील. घरच्याच बागेची तक्रार करायची वेळ येऊ नये म्हणून तर वरचा सगळा खटाटोप.

राहता राहिलं फ्रीजमधलं दोन किलो मास. ते खायचं नाही आणि विकायचंही नाही. दोन किलो मास म्हणजे किती तिसऱ्या, चिखलात किती तास वाकून आणि किती बोटं कापून, ते मला कळतं, म्हणून हे लिहिताना जिवावर येतंय. मांजराला घालू नका, कोंबड्यांना नको, आणि परत खाडीत तर नकोच. परसात हातभर खड्डा खणा, विहिरीपासून दूर, त्यात घाला आणि वर माती ओढून दगड ठेवा, कुत्री उकरतात. भावोजी विचारतील, हे काय पुरताय? तेव्हा साकवाखालचं सगळं सांगा.